मूत्राशयाच्या गाठीत हाड सापडले तर: ग्रॉसिंगपासून रिपोर्टपर्यंत

टीयूआरबीटीचे (मूत्रमार्गातून मूत्राशयाची गाठ खरवडून काढण्याच्या शस्त्रक्रियेचे) तुकडे ग्रॉसिंगला, म्हणजे तपासणीसाठी कापताना ब्लेडखाली करकर लागली की जोर लावू नका. दाबून कापलेला तुकडा चुरडतो आणि आजार स्नायूत उतरला आहे का, हेच मग सांगता येत नाही. कडक तुकडे चाचपून वेगळे काढा, मऊ तुकडे नेहमीच्या प्रोसेसिंगला लावा. इम्युनो (प्रतिपिंडांनी पेशीतली प्रथिने रंगवणे) आणि जनुकीय चाचणीसाठी आम्ल न लागलेला एक तरी ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) हाताशी हवाच.

कडक तुकडे १०% न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये किमान २४ तास ठेवा, जाड असतील तर ४८. कच्चे फिक्सेशन (फॉर्मॅलिनने ऊती टिकवणे) आणि वर आम्ल, म्हणजे पेशींची वाट लागली. त्यानंतर कॅल्शियम काढून हाड मऊ करायला १४% इडीटीए (कॅल्शियम बांधून घेणारे रसायन), पीएच ७.२ ते ७.४, ऊतीच्या २० पट. हे सावकाश चालते, काही दिवस ते काही आठवडे. तेवढा वेळ नसेल तर १०% फॉर्मिक आम्ल वापरा, पण रोज तपासा. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक टाळलेलेच बरे. त्यांत जास्त वेळ राहिले तर केंद्रके रंग धरत नाहीत आणि डीएनए तुटतो.

कॅल्शियम पुरता निघाला का हे सुई टोचून पाहू नका, भोके स्लाइडवर दिसतात. फॉर्मिकचा वापरलेला द्रव ५ मिली घ्या, अमोनियाने उदासीन करा, तेवढेच संपृक्त अमोनियम ऑक्सॅलेट घाला आणि अर्धा तास थांबा. गढूळ झाले तर कॅल्शियम अजून सुटतो आहे, आम्ल बदला.

स्लाइडवर हाडापेक्षा हाडाच्या पट्ट्यांच्या कडेच्या आणि मधल्या पेशींकडे बघा. मेटाप्लास्टिक (दुसऱ्या ऊतीतून बदलून झालेल्या, स्वतः घातक नसलेल्या) हाडात ऑस्टिओब्लास्ट (हाड बनवणाऱ्या पेशी) कडेने शिस्तीत बसलेले असतात, केंद्रके साधी, कधी आत चरबीयुक्त मज्जाही दिसते. यात नवल नाही: १९३१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी कुत्र्यांच्या मूत्राशयाचे अस्तर पोटाच्या फॅशियात (स्नायूंवरच्या आवरणात) रोपले, तेव्हा तिथे हाड तयार झाले होते. याउलट वेड्यावाकड्या, विभाजन पावणाऱ्या पेशींमध्ये जाळीसारखे गुलाबी ऑस्टिऑइड (कॅल्शियम न भरलेले कच्चे हाड) पसरले असेल, तर तो सार्कोमॅटॉइड कार्सिनोमातला (सार्कोमासारखे रूप घेतलेल्या कर्करोगातला) ऑस्टिओसार्कोमाचा, म्हणजे घातक हाड बनवणारा भाग समजा आणि शेजारी युरोथेलियल कार्सिनोमा (मूत्राशयाच्या अस्तराचा कर्करोग) किंवा सीआयएस (अस्तरातच राहिलेला कर्करोग) शोधायला आणखी सेक्शन घ्या. एसएटीबी२ (हाडाच्या पेशींचा इम्युनो मार्कर) इथे फारसा कामाचा नाही. तो साध्या ऑस्टिओब्लास्टमध्येही उमटतो. जीएटीए३ (युरोथेलियल पेशींचा मार्कर) निगेटिव्ह आला म्हणून मूळ युरोथेलियल नाही असेही धरू नका, सार्कोमॅटॉइड भागात तो अनेकदा हरवतो.

मेटाप्लास्टिक असेल तर रिपोर्टमध्ये 'गाठीच्या स्ट्रोमात मेटाप्लास्टिक हाड, घातक ऑस्टिऑइड नाही' असे स्पष्ट लिहा (स्ट्रोमा म्हणजे गाठीतली आधार-ऊती). नुसते 'हाड दिसले' लिहिले, तर वाचणारा ते ओटीपोटाच्या भिंतीतले समजून टी४बी (गाठ ओटीपोटाच्या किंवा पोटाच्या भिंतीत शिरल्याचा टप्पा) धरू शकतो.