क्लाउड सर्व्हर कुणाकडे घ्यायचा? आधी बाहेर जाणाऱ्या डेटाचा भाव विचारा

‘क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर, कुणाचा घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, महिन्याला सर्व्हरवरून किती जीबी डेटा बाहेर जातो? दहातल्या नऊ जणांना ठाऊक नसतं. मग मी चहा सांगते आणि त्यांना लॅपटॉप उघडायला लावते.

हे लिखाण दोन ते दहा-बारा सर्व्हर लागणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे क्लास, पॅथॉलॉजी लॅब, छोटं ऑनलाइन दुकान, अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर बनवणारी चार माणसांची कंपनी. लिनक्स, एसएसएच, डोमेन म्हणजे काय ते तुम्हाला किंवा तुमच्या माणसाला येतं, असं धरून चालते. ‘२०२५ मधले १० सर्वोत्तम क्लाउड’ छापाचे तक्ते आधी बंद करा. त्यातल्या लिंकवर तुम्ही खातं उघडलंत की बऱ्याचदा तक्ता लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं.

१. चार आकडे कागदावर लिहा

रॅम किती, डिस्क किती, महिन्याला बाहेर किती जीबी जातं, आणि सर्व्हर बंद पडला तर धंदा किती तास कळ काढू शकतो. तिसरा आकडा माहीत नसेल तर सर्व्हरवर व्हीएनस्टॅट हे डेटा मोजणारं सॉफ्टवेअर टाका आणि महिनाभर थांबा.

२. जागा ठरवा, पण त्यात डोकं फोडू नका

गिऱ्हाईक मुंबई-महाराष्ट्रातलं असेल तर मुंबई घ्या. ॲमेझॉनचं एडब्ल्यूएस इथे २०१६ पासून आहे, गूगल २०१७ पासून, ओरॅकल २०१९ पासून. लिनोडचंही मुंबई आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझ्यूरमध्ये मात्र नावाला भुलू नका. त्यांचं ‘वेस्ट इंडिया’ मुंबईत आणि ‘सेंट्रल इंडिया’ पुण्यात आहे, आणि एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या तीन झोनची (डेटा सेंटरच्या गटांची) सोय पुण्याच्या रीजनमध्ये आहे, मुंबईच्या नाही. घराजवळचं म्हणून मुंबई निवडणारे इथे हमखास फसतात. डिजिटलओशन बेंगळुरूत आहे, हेट्झनर भारतात नाही.

बेंगळुरू दूर पडेल का, हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. नाही पडत. डेटाला मुंबईहून बेंगळुरूला जाऊन यायला पंचवीसेक मिलिसेकंद लागतात, सिंगापूरला साठेक, फ्रँकफर्टला सव्वाशेच्या आसपास. पंचवीस तुमच्या गिऱ्हाइकाला जाणवत नाहीत. सव्वाशे, दर पानामागे वीस वेळा येणं-जाणं असेल तर, नक्की जाणवतात. मोजायचंच असेल तर ऑफिसच्या फायबरवरून मोजू नका. रात्री नऊ वाजता नालासोपाऱ्यातल्या मावशीच्या मोबाइलवरून मोजा. तुमचं गिऱ्हाईक तिथे बसलेलं असतं.

पेमेंटचा व्यवसाय असेल तर रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा आहे, त्यामुळे तिथे निवड आपोआप आवळते. आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशांमुळे १८० दिवसांचे लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदी, सांभाळाव्या लागतात. ती डिस्कची जागा पहिल्या कागदावर धरली नसेल तर आत्ता धरा.

३. बिल समजून घ्या

इथे मी स्वतः तोंडावर आपटले आहे, म्हणून इथे बसकण मारणार.

२०२० साल, टाळेबंदी. दादरच्या एका क्लासचे सर घाईला आलेले, मुलं घरी बसलेली. मी एका मोठ्या कंपनीकडे सर्व्हर घेतला. भाडं महिन्याला सुमारे ३,४०० रुपये. लेक्चरचे व्हिडिओ त्याच सर्व्हरवर टाकले आणि पाठ थोपटून घेतली. पहिल्या महिन्याचं बिल आल्यावर सरांचा फोन आला, “अहो, यात टिंब चुकलंय का?” टिंब बरोबर होतं. बिल जवळजवळ ५५ हजारांचं होतं.

हिशेब असा. २४० मुलं, एक लेक्चर ३०० एमबीचं. एका लेक्चरमागे ७२ जीबी बाहेर. दिवसाला तीन लेक्चरं, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ७५ लेक्चरं. ७२ गुणिले ७५, ५,४०० जीबी. तेव्हा जीबीला साधारण ८ रुपये पडत होते: ४३,२०० रुपये. त्यात भाडं मिळवा, वर १८ टक्के जीएसटी लावा, ५५ हजार. पाढे येणाऱ्या कुणालाही जमेल असा हा हिशेब मी केला नव्हता, कारण मी फक्त सर्व्हरचा भाव बघितला होता. निम्मे पैसे मी माझ्या फीमधून वळते केले. सर काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

क्लाउडमध्ये डेटा आत येतो तो फुकट, बाहेर जातो तो पैशाने. ही गोष्ट कुणी लपवलेली नाही, दरपत्रकात लिहिलेली असते. फक्त सर्व्हरच्या भावाच्या पानावर नसते. एडब्ल्यूएस, गूगल, मायक्रोसॉफ्ट या मोठ्या तिन्ही कंपन्यांकडे भारतातून इंटरनेटवर जाणाऱ्या डेटाला आज जीबीमागे १० रुपयांच्या आसपास पडतात, आणि एडब्ल्यूएस, मायक्रोसॉफ्टकडे हा दर अमेरिकेतल्या दरापेक्षा चढा आहे. म्हणून अमेरिकन माणसाने केलेला ‘महिन्याचा खर्च इतका’ हा व्हिडिओ बघून इथलं बजेट बांधू नका. याउलट डिजिटलओशन, लिनोड यांच्याकडे भाड्यातच ठरावीक डेटा मिळतो. त्यापुढे डिजिटलओशन जीबीला एक सेंट, म्हणजे रुपयाच्या आत-बाहेर, लावतं. तोच ५,४०० जीबी तिथे ५,४०० रुपयांच्या आसपास निघाला असता, भाड्यातला वाटा वजा करायच्या आधीच. एडब्ल्यूएसचं लाइटसेल हेही भाड्यात डेटा देतं, पण मुंबईत तो वाटा बहुतेक इतर ठिकाणांच्या निम्मा आहे. ती तळटीप वाचा.

बाहेर जाणारा डेटा म्हणजे फक्त इंटरनेटवर जाणारा, असंही समजू नका. एकाच शहरातल्या दोन झोनमध्ये डेटा इकडून तिकडे गेला तरी एडब्ल्यूएस दोन्ही बाजूंनी थोडेथोडे पैसे लावतं. आणि नॅट गेटवे नावाची एक चीज आहे. सर्व्हर सुरक्षित म्हणून आतल्या नेटवर्कमध्ये ठेवला की त्याला बाहेर बघायला ही खिडकी लागते. तिचं तासाचं भाडं वेगळं आणि तिच्यातून जाणाऱ्या प्रत्येक जीबीचं वेगळं. एका लॅबचे सर्व्हर दररोज रात्री ८० जीबीचा बॅकअप त्याच कंपनीच्या, त्याच शहरातल्या स्टोरेजवर या खिडकीतून पाठवत होते. घरातल्या घरात वस्तू हलवायची आणि टोल भरायचा. एडब्ल्यूएसमध्ये एस३ या त्यांच्या स्टोरेजसाठी गेटवे एंडपॉइंट नावाचा फुकटचा रस्ता आहे; तो लावायला मला दहा मिनिटं लागली. आधीच्या माणसाने तो दोन वर्षं लावला नव्हता.

सीपीयूचंही बघा. फ्लॅट घेताना कार्पेट किती ते विचारता ना, तसंच इथे. दोन व्हीसीपीयू (क्लाउडमध्ये सीपीयू मोजायचं माप) म्हणजे दोन कोर असं नाही. इंटेलच्या चिपवर साधारणपणे एका कोरचे दोन व्हीसीपीयू धरतात. शिवाय स्वस्त सर्व्हरना रेशन असतं. एडब्ल्यूएसच्या टी३ मिडियम या सर्व्हरला प्रत्येक व्हीसीपीयूचे २० टक्केच कायमचे मिळतात, पुढे काम कमी असताना साठवलेलं क्रेडिट खर्च होतं. ते संपल्यावर टी३ मूळ सेटिंगमध्ये हळू होत नाही, जास्तीचे पैसे लावते. रात्री हिशेब चालवणाऱ्या अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरला हे हमखास चावतं.

आता कृती. प्रत्येक कंपनीचा कॅल्क्युलेटर उघडा आणि पाच ओळी भरा: सर्व्हर, डिस्क, बाहेरचा डेटा, बॅकअपची जागा, पब्लिक आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता). शेवटची ओळ गंमत म्हणून नाही; एडब्ल्यूएस फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याचे पैसे घेतं. बेरजेवर १८ टक्के जीएसटी लावा. मग बाहेरच्या डेटाचा आकडा तिप्पट करून परत बेरीज करा. दुसरी बेरीज बघून पोटात गोळा आला तर ती कंपनी तुमच्यासाठी नाही, तिचं नाव कितीही मोठं असो.

माझं मत विचाराल तर: व्हिडिओ, फोटो, पीडीएफ मोठ्या प्रमाणात वाटायचे असतील तर ते सर्व्हरवर ठेवूच नका. क्लाउडफ्लेअरच्या आर२ या स्टोरेजवर बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे नाहीत, तिथे ठेवा. २०२० मध्ये आर२ नव्हतं, पण सरांचे व्हिडिओ मी सर्व्हरवरून दुसरीकडे हलवले आणि पुढच्या महिन्याचं बिल पाच हजारांच्या आत आलं. उरलेल्या वेबसाइट-डेटाबेससाठी भाड्यात डेटा देणारी कंपनी पुरते. तिघा मोठ्यांकडे जा ते तुम्हाला तयार डेटाबेस सेवा, अनेक झोन, किंवा ऑडिटरला दाखवायची कागदपत्रं हवी असतील तेव्हा. ‘मोठी कंपनी घ्या म्हणजे डोक्याला ताप नाही’ हा सल्ला देणाऱ्याच्या खिशातून बिल जात नसतं.

खातं उघडल्याच्या दिवशीच बजेटची सूचना लावा. ती नुसती सूचना असते, सर्व्हर बंद करत नाही. हेही मला उशिरा कळलं. आणि स्टार्टअप म्हणून मिळणाऱ्या फुकट क्रेडिटवर भिस्त ठेवू नका. क्रेडिट असेपर्यंत बिल कुणी उघडतच नाही, आणि संपतं तेव्हा सगळं काम त्या कंपनीच्या खास सेवांमध्ये रुतलेलं असतं. वर्षा-तीन वर्षांचा करारही पहिले सहा महिने नको.

४. एक आठवडा चालवून बघा

खरं सॉफ्टवेअर टाका आणि संध्याकाळी टॉप कमांडमध्ये ‘एसटी’ हा आकडा बघा. आपली लाल एसटी नव्हे. त्याच मशीनवरचे शेजारी, म्हणजे इतर भाडेकरू, तुमचा किती सीपीयू खातायत ते यात दिसतं. सतत पाचच्या वर राहिला तर सर्व्हर बदला.

५. शनिवारी रात्री अकराला तिकीट टाका

म्हणजे कंपनीच्या सपोर्टला खरा, पण तातडीचा नसलेला प्रश्न विचारा. उत्तर कधी आलं आणि ते माणसाने लिहिलंय का, एवढंच बघायचं. सर्व्हर ९९.९ टक्के वेळ चालू राहील या हमीत महिन्याला ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा असते, आणि हमी मोडली तर मिळतं ते बिलातलं थोडं क्रेडिट, तेही मागितलं तर. तुमचा बुडालेला धंदा कुणी भरून देत नाही.

६. पैसे कसे जाणार ते विचारा

कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेला ओटीपीशिवाय साधारण १५,००० रुपयांची मर्यादा आहे. बिल त्यावर गेलं की पैसे अडकतात, आठवणीच्या ईमेल स्पॅममध्ये पडतात आणि एके दिवशी सर्व्हर बंद होतो. रुपयांत, तुमच्या जीएसटी नंबरसह बिल देणारी कंपनी असेल तर तुमचे सीए दुवा देतील.

७. बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे

दुसऱ्या सर्व्हरवर ठेवून भागत नाही, कंपनीच दुसरी हवी. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएचचं एक डेटा सेंटर आगीत जळालं, आणि ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते त्यांतल्या अनेकांचं सगळं गेलं.

तो बॅकअप तीन महिन्यांतून एकदा त्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर उभा करून बघा, घड्याळ लावून. खरंच घर बदलायची वेळ आली तर डीएनएसचा टीटीएल (तुमच्या डोमेनचा जुना पत्ता इतर ठिकाणी किती वेळ लक्षात ठेवला जातो तो आकडा) दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणून ठेवा. हलवायच्या रात्री आठवून उपयोग नाही.