प्युरिफायर घेतला तरी शिंका का थांबत नाहीत? या चुका टाळा

डोंबिवली-कल्याण पट्ट्यात मी चौदा वर्षं एसी आणि एअर प्युरिफायरच्या सर्व्हिसिंगला जातोय. तक्रार ठरलेली असते, "दादा, मशीन काम करत नाही, पोराच्या शिंका चालूच आहेत." मशीन उघडून बघावं तर बहुतेक वेळा ठणठणीत. बिघाड घरात असतो.

सगळ्यात साधी चूक आधी सांगतो. नवीन प्युरिफायरचा फिल्टर मशीनच्या आतच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून येतो. झाकण उघडून ती पिशवी काढायची असते. एका काकांकडे मशीन आठ महिने पिशवीसकट चाललं होतं. "आवाज तर मस्त येतो की," काका म्हणाले. मी पिशवी काढून टीपॉयवर ठेवली. काकूंनी काकांकडे एकदा बघितलं आणि चहा टाकायला आत गेल्या. सोबतचा कागद वाचायला पाच मिनिटं लागतात हो, पण खोकं फोडलं की आधी प्लग लावायचा, ही घाई काही जात नाही.

आता माझा खरा राग. ओल आलेल्या भिंतीवर रंग मारणं.

एका ऑगस्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये गेलो होतो. आठ-नऊ वर्षांची मुलगी, सकाळी उठली की शिंकांची माळ, डोळे लाल. घरात दोन प्युरिफायर. बेडरूमच्या दारातच मला वास आला, वर्षभर बंद असलेली ट्रंक उघडल्यासारखा. घरच्यांना तो येत नव्हता, नाकाला सवय झालेली. भिंत मात्र छान पिस्ता रंगाची. माझ्या पिशवीत आर्द्रता मोजायचं काडेपेटीएवढं हायग्रोमीटर असतं, ते ठेवलं तर आकडा ७९ टक्के. म्हटलं, ताई, कपाट सरकवू या. "अहो, ते लग्नापासून हललेलं नाही!"

तिघांनी मिळून एक टोक ओढलं. मागे कमरेएवढ्या उंचीपर्यंत काळी-हिरवी बुरशी, प्लायवूडवरसुद्धा मखमलीसारखी लव. कपाटाखाली सरकवलेल्या चामडी चपला पांढऱ्या पडलेल्या. भिंतीपलीकडे बाथरूम. तिथल्या टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट गेलेलं आणि रोजच्या आंघोळीचं पाणी भिंतीत मुरत होतं. दर दिवाळीला रंगारी यायचा, पोपडे घासून वर रंग फासून जायचा. बुरशी तिथेच. मुलीची उशी त्या भिंतीपासून दोन हातांवर. अशा खोलीत तुम्ही चार प्युरिफायर लावा, भिंत रात्रभर नवे बीजकण सोडतच राहणार.

मी सांगितलेला क्रम असा होता. आधी प्लंबर बोलावून बाथरूमचे सांधे भरून घ्या. मग फुगलेला गिलावा खरवडा, आणि ते काम चालू असताना मुलीला आजीकडे पाठवा, कारण खरवडताना बुरशी सगळ्यात जास्त उडते. काम करणाऱ्यानेही चांगला मास्क लावायचा, रुमाल चालत नाही. आणि रंग? तो लगेच नाही. ताईंचे मध्ये तीन फोन आले, "आता लावू का? भिंत फार वाईट दिसते, पाहुणे येतात." तिन्ही वेळा नाही म्हटलं. दसऱ्यानंतर ऊन तापलं, भिंत हाताला कोरडी लागली, तेव्हा कुठे रंग लागला. कपाट आता भिंतीपासून चार इंच पुढे आहे. दिसायला बरं दिसत नाही, हे मलाही मान्य आहे.

पावसाळ्यात "हवा खेळती राहू दे" म्हणून दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून भिंती सुकत नाहीत. जुलैमध्ये बाहेरचीच हवा पाण्याने भरलेली असते. मी दारं-खिडक्या लावून दोन तास एसी 'ड्राय' मोडवर चालवतो आणि आर्द्रतेचा आकडा साठच्या खाली, जमलं तर पन्नासच्या आसपास आणतो. ओले कपडे बेडरूममधल्या दोरीवर वाळत घालायचे आणि ओलीबद्दल मला फोन करायचा, असं करू नका.

दुसरी मोठी चूक अंथरुणातली. गादी-उशीत डस्ट माइट नावाचे, डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. आपल्या त्वचेचा कोंडा हे त्यांचं अन्न. त्यांच्या विष्ठेने ॲलर्जी होते, पण तिचे कण जड असतात. अंथरूण झटकलं की उडतात आणि थोड्या वेळात खाली बसतात. प्युरिफायरपर्यंत पोचतच नाहीत, पण तुमचं नाक त्याच उशीत असतं. चादरी आणि अभ्रे आठवड्याला एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवा, फ्रंट-लोड मशीनला हा आकडा बहुधा असतो. आमच्याकडे गोधड्या उन्हात टाकतात, चांगलंच आहे, पण झटकायच्या बाहेरच, आणि ज्याला त्रास आहे त्याने झटकायच्या नाहीत.

बाकीच्या चुका भराभर. प्युरिफायरवर छापलेली हवा गाळायची क्षमता सगळ्यात मोठ्या स्पीडची असते. लोक ते रात्रंदिवस स्लीप मोडवर ठेवतात आणि काही होत नाही म्हणतात. १२ बाय १० फुटांच्या खोलीची हवा तासात पाच वेळा गाळायची तर ताशी १६० घनमीटरच्या आसपास लागते, मशीन घेताना एवढा हिशोब करा. हेपा फिल्टर, म्हणजे प्युरिफायरमधला बारीक कण अडवणारा फिल्टर, नळाखाली धुवू नका, आणि धुतला असेल तर परत लावू नका. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही, आतलीच फिरवतो. त्याची जाळी मी दर पंधरा दिवसांनी धुतो. ओझोन सोडणारी मशीन 'ताजा वास' देतात, तोच वास छातीला लागतो. झाडांनी हवा शुद्ध होते म्हणणाऱ्यांसाठी: २०१९ मधल्या एका आढाव्यानुसार नुसती खिडकी उघडण्याइतका परिणाम मिळवायलाही दर चौरस मीटरला दहा ते हजार कुंड्या लागतील. मग पलंग कुठे ठेवणार?

आणि डासांची कॉईल! एका कॉईलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले, असं २००३ सालच्या एका अभ्यासात आलं आहे. एका घरात पलंगाच्या एका बाजूला प्युरिफायर आणि दुसऱ्या बाजूला धुमसती कॉईल, असं मी स्वतः पाहिलंय. मशीनचा, हवा खराब असल्याचं सांगणारा लाल दिवा पेटला म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. मी कॉईल विझवली, दिवा हळूहळू हिरवा झाला, आणि व्हिजिटचे तीनशे रुपये घेताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. मच्छरदाणी त्यांच्या माळ्यावर होती.