अर्ज लिहिण्याआधी गिटच्या नोंदी चाळा

सोलापुरात घरी बसून पुण्याच्या कंपनीचे बॅकएंडचे (सर्व्हरच्या बाजूचे) काम करणाऱ्या अनुभवी डेव्हलपरला वरिष्ठ पदासाठी अर्ज करताना पहिली अडचण येते ती आठवणीची, कारण दोन वर्षांपूर्वी आपण नेमके काय सुधारले हेच आठवत नाही.

अशा वेळी, सध्याच्या नोकरीत असतानाच, कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रणालीच्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ‘गिट लॉग’ ही आज्ञा ‘ऑथर’, ‘सिन्स’ आणि ‘नो-मर्जेस’ या पर्यायांसह चालवावी, म्हणजे ठरावीक तारखेपासूनच्या फक्त आपल्याच कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, समोर येतात. त्यांतून पाच-सहा कामे निवडावीत आणि प्रत्येकापुढे अडचण काय होती, कोणता निर्णय घेतला व कोणता पर्याय का नाकारला, हे लिहावे. मुलाखतीत या नाकारलेल्या पर्यायावरच अधिक खोदून विचारले जाते, असा माझा अनुभव आहे. डेटाबेसमध्ये इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) घातल्यावर क्वेरी, म्हणजे माहितीची मागणी, समजा, ८०० मिलिसेकंदांवरून ४० वर आली असेल, तर तो आकडा त्याच आठवड्यात टिपावा, कारण मॉनिटरिंगमधील जुनी मोजमापे बहुधा काही काळाने पुसली जातात. मुलाखतीला जाताना सोलापूर-पुणे हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये उजळणीला या टिपणांचे एक पान पुरते.

मात्र कंपनीचा कोड, ग्राहकांची नावे किंवा अंतर्गत आकृत्या स्वतःच्या संगणकावर उतरवू नयेत. गोपनीयतेचा करार नोकरी सोडल्यानंतरही लागू राहू शकतो.