वस्त्यांचे वर्गीकरण: नकाशा रंगवण्याआधी या चुका टाळा

शहरातील सारखे भाग एकत्र करून संगणकाला पाच गट मागितले की तो पाच गट देतोच, मग हाती दिलेला तक्ता कितीही सदोष असो. त्यामुळे शहरातील भागांचे वर्गीकरण फसले असे वाटले, तर सूत्र बदलत बसण्याआधी तक्ता पुन्हा उघडावा, असा माझा अनुभव आहे. 2011 च्या जनगणनेची मुंबईची आकडेवारी घेऊन पाहू.

गट केवळ लोकसंख्येच्या उतरंडीप्रमाणे लागले असतील, तर तक्त्यात टक्केवारीऐवजी कच्च्या संख्या राहिल्या आहेत, असे समजावे. महापालिकेच्या प्रशासकीय विभागांपैकी बी विभागात तेव्हा सुमारे 1 लाख 27 हजार लोक होते आणि पी-उत्तरमध्ये 9 लाख 41 हजार. अशा वेळी शौचालय, दुचाकी, संगणक अशा प्रत्येक रकान्यात मोठा विभागच मोठा दिसणार.

टक्केवारी काढतानाही छेद तपासावा लागतो आणि साक्षरतेच्या बाबतीत हमखास घसरायला होते. जनगणनेत 7 वर्षांखालील मूल साक्षर धरले जात नाही, म्हणून साक्षरांच्या संख्येला एकूण लोकसंख्येतून 0 ते 6 वयोगट वजा करून भागायचे असते. समजा, एका भागात 1,00,000 लोक, त्यांपैकी 12,000 लहान मुले आणि 75,000 साक्षर आहेत. वजाबाकी विसरली तर साक्षरता 75 टक्के येते, केली तर 85 टक्क्यांहून थोडी अधिक. माझ्या पहिल्या नकाशात हीच चूक होती. ती सगळीकडे सारखी असती तर निभावलेही असते. पण जिथे मुले जास्त तिथे घट जास्त, त्यामुळे तरुण कुटुंबांच्या वस्त्या विनाकारण ‘मागास’ गटात जाऊन बसल्या होत्या.

घनतेचेही असेच आहे. मुलुंडच्या टी विभागात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा मोठा भाग येतो. जंगलासकट क्षेत्रफळ घेतले तर तिथली दाट वस्तीही विरळ भासते. म्हणून वने, खाडी, कांदळवने वगळून उरलेल्या जमिनीवर घनता काढावी. क्षेत्रफळ अक्षांश-रेखांशाच्या अंशांत मोजू नये, कारण मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे 105 किलोमीटर, तर अक्षांशाचा सुमारे 111 किलोमीटर भरतो. नकाशा आधी यूटीएम झोन 43 उत्तर या प्रक्षेपात, म्हणजे मीटरमध्ये मोजमाप देणाऱ्या नकाशा-पद्धतीत आणावा.

सर्वांत फसवी चूक मात्र तक्ता आणि नकाशा जोडताना होते, कारण तिथे संगणक तक्रारच करत नाही. मुंबईत 2012 साली 227 प्रभाग (नगरसेवक निवडण्याचे मतदारसंघ) होते, 2017 च्या निवडणुकीतही 227. मधल्या काळात सीमा मात्र नव्याने आखल्या गेल्या. जुना तक्ता नव्या नकाशाला प्रभाग क्रमांकावरून जोडला, तर 227 पैकी 227 ओळी जुळतात आणि माहिती भलत्याच वस्तीवर जाऊन पडते. जोडणीनंतर ओळखीचे चार-पाच प्रभाग डोळ्यांनी तपासण्याला पर्याय नाही. एक्सेलने प्रभागाच्या ‘0001’ या संकेतांकाचे ‘1’ करून टाकल्यास निदान जोडणी तुटते आणि चूक कळते, हे त्यापेक्षा बरे.

दर वेळी वेगळे गट पडत असतील, तर संगणक ज्या बिंदूंभोवती गट जमवायला सुरुवात करतो, ते बदलून गट पाडण्याची पद्धत अनेकदा चालवावी. तरीही गट स्थिर होत नसतील, तर मागितलेली गटसंख्या त्या माहितीला पेलत नाही. टक्केवारी आणि घनता एकत्र वापरताना सर्व रकाने आधी एका मापावर आणावेत, नाहीतर दर चौरस किलोमीटरला हजारांत जाणारी घनता बाकी सगळ्यांना गिळून टाकते.

एवढे करूनही जी-उत्तर विभाग अडचणीत आणतोच. शिवाजी पार्क आणि धारावी या एकाच विभागात आहेत. तिथल्या सुमारे 6 लाख लोकांची सरासरी यांपैकी एकाही वस्तीचे वर्णन करत नाही. लहान एककाची आकडेवारी मिळाली तर तीच घ्यावी. न मिळाल्यास गटाचे नाव विभागाला द्यावे, तिथे राहणाऱ्या माणसांना चिकटवू नये, आणि जी-उत्तरवर नकाशातच ‘मिश्र’ अशी स्पष्ट खूण करावी.