प्युरिफायरचा पाण्याचा अलार्म वाजला, आता कुठून सुरुवात करायची?

जहाजावर फ्युएल ऑइल प्युरिफायर (इंधन तेल वेगाने फिरवून त्यातलं पाणी आणि गाळ वेगळा करणारं मशीन) हे शक्यतो फोर्थ इंजिनिअरचं खातं, त्यामुळे अलार्म आला की शोधाशोध त्याचीच. बरेच जण अलार्म ॲक्सेप्ट करून मशीन परत चालू करतात, नाहीतर थेट बोल (मशीनच्या आतलं फिरणारं भांडं) उघडायला पाने काढतात. दोन्ही नको. आधी एवढंच ठरवा, पाणी तेलासोबत येतंय, प्युरिफायर स्वतः घालतोय, की पाणी नाहीच आणि सेन्सर उगाच ओरडतोय.

अल्फा लावल कंपनीच्या अल्कॅप सिस्टीमचं (ही साठलेलं पाणी ओळखून आपोआप काढते) सांगतो. बोलमध्ये पाणी साठत साठत आतल्या चकत्यांपर्यंत (डिस्क) आलं की थोडं स्वच्छ तेलात निसटतं, आउटलेटवरचा ट्रान्सड्यूसर (पाणी ओळखणारा सेन्सर) ते पकडतो, मग कंट्रोलर ड्रेन व्हॉल्व्ह उघडतो किंवा स्लज (गाळ) डिस्चार्ज करतो. तरी रीडिंग खाली आलं नाही की अलार्म.

पहिलं बघा तापमान. हेवी ऑइल ९८ अंशांच्या आसपास आणि स्थिर पाहिजे, कमी असेल तर तेल घट्ट राहतं, पाणी नीट सुटत नाही. थ्रूपुटही (तासाला मशीनमधून जाणारं तेल) कमी करा.

मग सेटलिंग टँकचा (प्युरिफायरच्या आधी तेलातलं पाणी खाली बसू देणारी टाकी) ड्रेन उघडा (तेल गरम असतं, ग्लोव्हज आणि गॉगल घालूनच). पाणी आलं, आणि येतच राहिलं, तर प्युरिफायरला दोष देऊ नका, तो बिचारा त्याचं काम करतोय. आता पाण्याची क्लोराइड टेस्ट करा. खारट निघालं तर डेकवरचे एअर व्हेंट आणि बंकर (जहाजात भरलेलं इंधन) टँक तपासा. गोडं असेल तर माझा पहिला संशय हीटिंग कॉइलवर (टाकीतलं तेल गरम करणारी स्टीमची नळी). स्टीम चालू असताना प्रेशरमुळे पाणी तेलात जातं, स्टीम बंद केली की उलट तेल कॉइलमध्ये शिरतं आणि ऑब्झर्व्हेशन टँकमध्ये (कॉइलमधून परत आलेलं पाणी जिथे बघता येतं) तवंग दिसतो, त्यामुळे तिथे एक चक्कर माराच.

सेटलिंग टँक कोरडा निघाला तर एसव्ही १० हा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बघा, कंडिशनिंग (गाळ मऊ ठेवणारं) आणि डिस्प्लेसमेंटचं (डिस्चार्जआधी तेल बाजूला सारणारं) पाणी त्यातूनच बोलमध्ये येतं. सीटवर कचरा बसला की तो सतत गळतो. त्याची मॅन्युअल लाइन थोडा वेळ बंद करून रीडिंग उतरतंय का बघा, उतरलं तर चोर सापडला. पण लाइन तशीच बंद ठेवून झोपू नका, डिस्प्लेसमेंट वॉटर नसेल तर डिस्चार्जला तेलच स्लज टँकमध्ये जाईल. ड्रेन व्हॉल्व्ह खरंच उघडतोय का, त्याची एअर आहे का, तेही बघून घ्या.

सेन्सर सगळ्यात शेवटी. आउटलेटचं सॅम्पल घेऊन वॉटर टेस्ट किटने तपासा. इंजिनला जाणाऱ्या तेलात पाणी ०.२ टक्क्यांच्या आत हवं, बंकरला जहाजी इंधनाच्या आयएसओ ८२१७ मानकात बहुतेक हेवी ग्रेडना ०.५ पर्यंत चालतं. किटमध्ये पाणी दिसत नाही आणि अलार्म मात्र चालू, मग कनेक्टर, केबल, ट्रान्सड्यूसर या क्रमाने जा.

बोल उघडायचाच झाला तर तो पूर्ण थांबल्याशिवाय एकही बोल्ट सैल करायचा नाही. आणि नवीन बंकर लावल्यापासूनच त्रास सुरू झाला असेल तर चीफ इंजिनिअरला लगेच सांगा, किती पाणी ड्रेन केलं ते लॉगमध्ये लिहा, इंधन पुरवणाऱ्यावर क्लेम करायला मुदत थोडीच असते.