नवी हळद दळून येण्याआधी: ऑनलाइन पैसे घेण्याची तयारी

मागच्या दसऱ्याला आम्ही हळद-तिखटाची ऑनलाइन विक्री घाईघाईत सुरू केली आणि संक्रांतीला त्याचा हिशेब अंगावर आला. सहाशेवर ऑर्डरींची बिलं चुकली होती. मी आणि जाऊबाई सलग चार रात्री ओसरीवर बसून एकेक बिल बँकेच्या जमेशी लावत होतो. हळदीच्या बोटांनी कागद पिवळे झाले, ते अजून फाईलला तसेच आहेत. यंदा नवी हळद चक्कीवरून येण्याआधी काय काय लावून ठेवायचं ते लिहिते आहे. समुद्रपूर-हिंगणघाट भागातल्या बऱ्याच जणी आता वायगावची हळद, भिवापुरी तिखट, पापड पॅक करून बाहेर पाठवतात. त्यांच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून.

अन्न परवाना, करंट खातं, पॅन, पॅकेटवर वजन आणि तारीख हे सगळ्यांना माहीत आहे, ते करून ठेवा.

जीएसटी नोंदणीचं मात्र नीट ऐका. उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही असं जो तो सांगतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकता तोवर ते खरं आहे. हैदराबादला किंवा इंदूरला एक किलो हळद विकली, की माल राज्याबाहेर गेला आणि नोंदणी सक्तीची झाली, मग उलाढाल लाखभर का असेना. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या ठोक कराच्या योजनेत, जाऊ नका, त्यात राज्याबाहेर विकताच येत नाही. साधी नोंदणी घ्या. ओली हळद करमुक्त आहे, वाळवलेली आणि दळलेली 5 टक्क्यांत. तिखटही 5 टक्के. पापड शून्य. लोणच्यावर आधी 12 टक्के होते, 22 सप्टेंबर 2025 पासून 5 झाले, म्हणून जुन्या यादीवरून दर उतरवू नका. हळदीचा एचएसएन, म्हणजे मालाचा जीएसटीतला कोड, 0910, मिरचीचा 0904. हे एकदा सॉफ्टवेअरमध्ये भरलं की झालं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ते. गिऱ्हाइकाकडून घेतलेला प्रत्येक रुपया विक्रीच्या किमतीत धरा आणि त्यावर कर लावा. कुरिअर म्हणून घ्या, पॅकिंग म्हणून घ्या, ऑनलाइन शुल्क म्हणून घ्या. नाव काहीही असो, घेतला तर तो विक्रीत.

आमचं काय झालं ते आकड्यांतच सांगते. हळदीची 210 रुपये एमआरपीची 5 पॅकेटं, म्हणजे 1050. एमआरपीत कर धरलेला असतो, म्हणून त्यात 1000 मालाचे आणि 50 कराचे. त्यावर कुरिअरचे 80 आणि पेमेंट गेटवे (गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे आपल्या खात्यात पोचवणारी कंपनी) कापतो म्हणून 20 रुपये ऑनलाइन शुल्क. गिऱ्हाइकानं 1150 भरले. बिलावर कर 50, आणि मी निश्चिंत. पण कर 1000 वर नाही, 1100 वर बसतो, म्हणजे 55 हवा होता. कुरिअर आणि शुल्क आम्ही कराच्या बाहेर ठेवलं होतं. एका ऑर्डरीला 5 रुपये, ऐकायला काहीच नाही. सहाशे ऑर्डरींचे तीन हजारांवर झाले, त्यावर वर्षाला 18 टक्के दरानं व्याज, आणि गिऱ्हाइकाला आता फोन करून पाच रुपये मागणार कोण? सगळे घरातून गेले. पैशापेक्षा त्या चार रात्री मला जास्त लागल्या.

आमचे कर सल्लागार फाईल बघून एवढंच म्हणाले, "ताई, हे वीस रुपये तुम्ही गिऱ्हाइकापासून घेतले न? मंग ते विक्रीतच आले." मी म्हटलं, ते माझ्याकडे कुठं राहिले, गेटवेनं कापून नेले. ते म्हणाले, गेटवेची सेवा गिऱ्हाइकानं घेतली का तुम्ही? करार तर माझ्याच नावावर होता. म्हणजे गेटवेनं मला सेवा दिली, मला बिल दिलं, तो माझा धंद्याचा खर्च. तो खर्च मी गिऱ्हाइकावर टाकला की तो माझ्या मालाच्या किमतीचा भाग होतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 15 मध्ये हे लिहिलेलं आहे: कमिशन, पॅकिंग यांसारखे खर्च विक्रेत्यानं गिऱ्हाइकाला लावले, तर ते किमतीतच धरायचे. मी ते कलम आधी वाचलं नव्हतं. तुम्ही वाचा.

आणखी एक गोंधळ इथंच होतो. कुरिअरवाला आपल्याला 18 टक्के जीएसटी लावतो, गेटवेही त्याच्या शुल्कावर, जिथं जीएसटी लागतो तिथं, 18 लावतो. म्हणून आपणही गिऱ्हाइकाच्या कुरिअरवर 18 लावायचे का? नाही. आपल्या बिलात कुरिअर आणि शुल्क मालाच्या मागं जातात, मालाचा जो दर तोच त्यांचा. हळदीबरोबर गेले तर 5. नुसते पापड गेले तर शून्य. एकाच डब्यात हळद आणि पापड दोन्ही असतील तर कुरिअर आणि शुल्क किमतीच्या प्रमाणात वाटून घ्या. करपात्र मालापुरते कुरिअरवाल्याला आणि गेटवेला दिलेले 18 टक्के आपल्याला क्रेडिट म्हणून मिळतात, म्हणजे आपण भरायच्या करातून वजा होतात, म्हणून दोघांना आपला जीएसटी नंबर आत्ताच देऊन ठेवा. नंबर नसलेल्या बिलावर क्रेडिट मिळत नाही. आम्ही कुरिअरवाल्याला तो डिसेंबरात दिला.

गेटवे किती कापतो तेही नीट मोजा. 2 टक्के म्हणजे हजाराला वीस, असं मी धरलं. गेटवे मालावर 2 टक्के कापत नाही, गिऱ्हाइकानं भरलेल्या सगळ्या रकमेवर कापतो, त्यात कुरिअर आलं, कर आला आणि तुम्ही लावलेलं शुल्कही आलं. वरच्याच ऑर्डरीत 20 पुरत नाहीत, 23 लागतात. मालाचे 1000, कुरिअरचे 80, शुल्काचे 23, मिळून 1103, त्यावर 5 टक्के धरून 1158 रुपये आणि वर काही पैसे. त्याचे 2 टक्के बरोबर 23 रुपयांच्या आसपास येतात. गेटवेच्या या 23 वर जो जीएसटी लागेल, तो क्रेडिटमध्ये परत येतो. आधी शुल्क, मग कर. उलटं केलं की चुकलं.

हे शुल्क गिऱ्हाइकाकडून घेता येतं का, हे आधी ठरवा. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला लागणारा एमडीआर, म्हणजे पैसे घेण्यामागं कापलं जाणारं शुल्क, जानेवारी 2020 पासून शून्य आहे. बँकेचा क्यूआर लावून थेट पैसे घेता तेव्हा कापलं काहीच जात नाही, मग गिऱ्हाइकाकडून शुल्क कशाचं घेणार? गेटवेमधून यूपीआय घेतलं तर काही जण स्वतःच्या सेवेचे पैसे वेगळे कापतात, ते करारात बघा. इतर डेबिट कार्डांवर 20 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानदाराला जास्तीत जास्त 0.40 टक्के लागतात, आणि तेही गिऱ्हाइकावर टाकू देऊ नका असं रिझर्व्ह बँकेनं 2017 च्या डिसेंबरातच बँकांना सांगितलं आहे. उरलं क्रेडिट कार्ड. तिथं तुमच्या गेटवेचा आणि कार्ड कंपनीचा करार काय म्हणतो ते वाचा, बहुतेक ठिकाणी वेगळं शुल्क चालत नाही. सगळ्यांना सरसकट 20 रुपये लावणं चुकीचं होतं, हे मला नंतर कळलं. आमच्या निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकांनी यूपीआयनं पैसे दिले होते.

म्हणून यंदा मी वेगळं शुल्क काढूनच टाकलं आहे. 210 च्या पॅकेटची एमआरपी 215 केली, खर्च त्यातच धरला. एमआरपीत कर असतोच, म्हणजे तो पैसाही आपोआप कराखाली आला. तुम्हीही असंच करा असं माझं म्हणणं आहे. छापून झालेल्या जुन्या एमआरपीवर मात्र वर एक रुपया मागू नका. आणि हे केलं तरी कुरिअरचे पैसे वेगळे राहतातच! त्यांचं काय, ते परत विसरू नका. कुरिअरसुद्धा विक्रीतच.

सॉफ्टवेअरमध्ये कुरिअर किंवा कुठलंही जादा शुल्क टाकताना त्या ओळीपुढं 'करपात्र' अशी टिक असते. ती आमच्याकडं रिकामी होती. एवढी एक टिक नसल्यानं सहाशे बिलं चुकली. दुकान सुरू करण्याआधी ती टिक बघा, सुरू केल्यावर परत बघा, आणि सॉफ्टवेअर अपडेट झालं की पुन्हा बघा. आमचे सासरे चाळीस वर्षं किराणा चालवत होते, ते अजूनही याला विक्रीकरच म्हणतात. विक्रीकराचा 2005 ला व्हॅट झाला, 2017 ला जीएसटी झाला. ते हातानं बिल लिहायचे तेव्हा हमालीसुद्धा बेरजेच्या वर लिहायचे, खाली नाही. त्यांची जुनी बिलबुकं मी या संक्रांतीला उघडून पाहिली.

मग घरच्याच फोनवरून दोन ऑर्डरी टाका, एक नागपूरच्या पत्त्यावर, एक हैदराबादच्या. नागपूरच्या बिलावर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) अडीच टक्के आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) अडीच टक्के दिसले पाहिजेत, हैदराबादच्या बिलावर आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीचा कर) 5. दोन्हींत कुरिअर कराच्या बेरजेत आलं का ते बघा. नसेल तर दुकान उघडू नका.

बँकेत जमा होतात ते कापून उरलेले पैसे असतात. 1158 च्या ऑर्डरीतून शुल्काचे 23 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी कापला तर 1131 येतात. विवरणपत्रात 1131 वरून मोजू नका, बिलावरून मोजा. कापलेले पैसे खर्चाला टाका. गेटवेचं महिन्याचं बिल स्वतः डाउनलोड करा, ते कुणी आणून देत नाही.

माल परत आला तर क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी विक्री कमी केल्याची चिठ्ठी, काढा. गेटवे आपलं शुल्क बहुतेक परत देत नाही, तो तोटा धरून चाला.

दर महिन्याला 11 तारखेच्या आत जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचं विवरणपत्र), 20 च्या आत जीएसटीआर-3बी (कर भरायचं विवरणपत्र). तिमाही घेतलं असेल तर तारखा वेगळ्या, सल्लागाराला विचारून घ्या. बिलांचे नंबर 1 एप्रिलपासून नव्यानं सुरू करा. मागचं काही चुकलेलं सापडलं तर नोटीस येण्याआधी व्याजासकट भरून टाका, आम्ही तेच केलं.

पहिली दहा बिलं मात्र कॅल्क्युलेटर घेऊन हातानं तपासा. माल, कुरिअर, शुल्क घेत असाल तर शुल्क, सगळ्यांची बेरीज, मग कर. दहाही जुळली की दुकानाची लिंक ग्रुपवर टाका.