स्टॉलवर नेट नसताना वेब ॲपचा डेमो कसा चालवला

चिंचवडच्या ऑटो क्लस्टरला प्रदर्शनात स्टॉल होता, ब्राउझरमधेच चालणारं ॲप दाखवायचं होतं, इन्स्टॉलची भानगडच नाही, ओपन वेबचं हेच तर मला आवडतं. गर्दी झाली की नेट बसतं म्हणून लॅपटॉपवरच सर्व्हर लावला, फोनमधे लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकून पेज उघडलं पण ना कॅमेरा चालू होईना ना ऑफलाइन चालेना. कारण या दोन्हीला एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित कनेक्शन लागतं, सूट फक्त लोकलहोस्टला, म्हणजे त्याच यंत्राच्या स्वतःच्या पत्त्याला. मग अँड्रॉइडला केबल जोडली, फोनच्या सेटिंगमधे यूएसबी डीबगिंग (केबलवरून लॅपटॉपला फोनशी बोलू देणारी सोय) ऑन केलं, लॅपटॉपच्या क्रोममधे इन्स्पेक्ट पेजवर (chrome://inspect) पोर्ट फॉरवर्डिंगला माझ्या सर्व्हरचा पोर्ट ८०८० दिला, म्हणजे फोनचा लोकलहोस्ट केबलवरून लॅपटॉपच्या सर्व्हरला जोडला जातो, आणि फोनमधे लोकलहोस्ट ८०८० उघडलं, लगेच चाललं! सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमधे मागे चालणारी ॲपची स्क्रिप्ट) फाइल्स कॅश केल्या, म्हणजे फोनमधेच साठवल्या की केबल काढा आणि फोन बिनधास्त लोकांच्या हातात द्या. आयफोनवर मात्र हे जमत नाही, तिथे एचटीटीपीएसच लागतं.